पत्रिकेवरच बोट ठेवून टाइप करता येईल असं टेक्स्टफील्ड बनवतोय, मराठी आलं की सगळं बिघडतंय

मॅटरवाला_गिरगाव | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण तीन आठवडे याच एका गोष्टीत अडकलोय म्हणून सगळंच सांगतो.

गिरगावात आमची लग्नपत्रिका छापायची छोटी प्रेस आहे, बाबांनी चालू केलेली. मी डीटीपी (संगणकावर मांडणी) बघतो आणि दोन वर्षांपासून फ्लटर (मोबाईल ॲप बनवायचं साधन) शिकून प्रेससाठी ॲप बनवतोय. आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ खातं ते प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना. गिऱ्हाईक हाताने लिहिलेल्या मॅटरचा (मजकुराचा) फोटो पाठवतं, आम्ही कंपोज करतो, व्हॉट्सॲपवर प्रूफ जातं, मग फोन येतो की किलबिलमध्ये धाकट्या नातवाचं नाव राहिलं, ते घातलं की कळतं मामांचं नाव आत्याच्या ओळीत गेलंय, असं करत चार-पाच प्रूफ होतात आणि एवढं करूनही एखाद्या वेळी छापून आल्यावर चि. सौ. कां. मधला कां. गायब असतो. तेव्हा त्या आईवडिलांचा चेहरा बघवत नाही.

म्हणून ठरवलं की गिऱ्हाइकाला मोबाईलवर पत्रिका जशी छापून येणार तशीच दिसू दे आणि जी ओळ चुकली तिच्यावर बोट ठेवून तिथल्या तिथे दुरुस्त करू दे. चौकटी, लेबलं, खालची रेघ, यातलं काही नको. फक्त पत्रिका आणि त्यात लुकलुकणारा कर्सर.

मी काय केलं ते सांगतो. पूर्ण पत्रिका फ्लटरच्या कस्टमपेंटने चित्रासारखी काढतो, अक्षरं टेक्स्टपेंटरने. कीबोर्ड वर यावा म्हणून एक पिक्सेलचं पारदर्शक टेक्स्टफील्ड कोपऱ्यात लपवलंय, त्यात जे टाइप होतं ते ऑनचेंज्डमध्ये (मजकूर बदलला की चालणारा कोड) पकडून पत्रिकेवर रंगवतो. कर्सरसुद्धा मीच काढतो, रेघ मारून. इंग्रजीत टेस्ट केलं तेव्हा झकास चाललं. मराठी सुरू केलं आणि मग,

इंग्रजी अक्षरांतून मराठी होणाऱ्या कीबोर्डवर ज्ञानेश्वरी टाइप केलं की कधीकधी सुरुवातीचं अक्षर दोनदा येतं. नावात डबल स्पेस राहू नये म्हणून मी प्रत्येक वेळी मजकूर साफ करून कंट्रोलरमध्ये (फील्डचा मजकूर सांभाळणारा भाग) परत टाकतो, त्याचा काही संबंध असेल का? नावाला ४० ची मर्यादा ठेवलीय तर मधलं नाव आडनाव टाकताना ती फारच लवकर संपते. एका गिऱ्हाइकाच्या फोनवर वऱ्हाडी मंडळी लिहिलं की वर्हाडी असं होतं, रफार डोक्यावर चढतो, माझ्या फोनवर मात्र बरोबर येतं. वरच्या वेलांट्या कापल्या जातात. आणि कर्सर ओळीच्या मध्ये नेऊन खोडायला गेलं की भलतंच अक्षर जातं, कॉपी-पेस्टचा मेनू तर येतच नाही.

तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू, त्याच्या आत हे गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचंय. कर्सर, सिलेक्शन, मेनू हे सगळं स्वतः लिहायला घेऊ का अजून काही मार्ग आहे? कुणी केलंय का असं?

कर्जत_लोकल | मंगळवार, सकाळी ८:०५

दादा, स्वतः लिहायला घेऊ नका. मी आधीच्या नोकरीत नोट्सच्या ॲपसाठी शुद्ध अँड्रॉइडमध्ये एडिटर शून्यापासून लिहिलाय, सात महिने गेले आणि शेवटी आम्ही परत सिस्टिमच्याच फील्डवर आलो. गाडीत बसलोय, कल्याणपर्यंत वेळ आहे, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट ही समजून घ्या की मोबाईलचा कीबोर्ड एकेक बटण दाबल्याचं तुमच्या ॲपला सांगतोच असं नाही. फील्ड आणि कीबोर्ड यांच्यात सतत बोलणं चालू असतं. कीबोर्ड विचारतो कर्सरच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, मग म्हणतो की एवढा भाग अजून कच्चा आहे, त्याला मी नंतर बदलणार आहे, मग तो बदलतो, मग पक्का करतो. त्या कच्च्या भागाला कंपोझिंग म्हणतात, बहुतेक वेळा त्याच्याखाली बारीक रेघ दिसते बघा. तुम्ही इंग्रजी अक्षरांतून ज्ञानेश्वरी लिहिता तेव्हा तो अख्खा शब्द शेवटपर्यंत कच्चा असतो आणि प्रत्येक अक्षरागणिक कीबोर्ड तो पूर्ण बदलून टाकतो.

आता तुम्ही मध्येच कंट्रोलरचा टेक्स्ट बदललात तर काय होतं? टेक्स्टएडिटिंगकंट्रोलरच्या टेक्स्टला सरळ किंमत दिली की कंपोझिंगची खूण पुसली जाते आणि सिलेक्शनसुद्धा उणे एकवर जातं, म्हणजे कर्सरची जागाच हरवते. कीबोर्डला वाटतं जुनं पक्कं झालं, तो पुढचं त्याच्यामागे जोडतो. हेच तुमचं डबल अक्षर. तुमचा अंदाज बरोबर होता.

मग डबल स्पेस कुठे काढायची? एक तर फोकस गेल्यावर काढा, नावासाठी तेवढं पुरे आहे. किंवा टेक्स्टइनपुटफॉर्मॅटर (टाइप होताना मजकूर तपासणारा कोड) लिहा आणि त्यात पहिलीच अट ही घाला की कंपोझिंग चालू असेल तर नवीन किंमत जशीच्या तशी परत द्यायची, हात लावायचा नाही. आणि कधी कोडमधून मजकूर बदलायचाच असेल तर टेक्स्ट बदलू नका, व्हॅल्यू बदला, म्हणजे मजकूर आणि सिलेक्शन एकदमच देता येतं.

मर्यादेचं. तुम्ही स्ट्रिंगची (मजकुराची) लेंग्थ मोजताय ना? डार्टमध्ये, म्हणजे फ्लटरच्या भाषेत, ती यूटीएफ-१६ चे कोड युनिट, म्हणजे साठवणीचे तुकडे मोजते. ज्ञानेश्वरी हे आपल्याला चार अक्षरं वाटतं, ज्ञा ने श्व री. संगणकाला ते ११ आहे, ज, हलंत, ञ, काना, न, मात्रा असं करत. फ्लटरच्या टेक्स्टफील्डची स्वतःची मॅक्सलेंग्थ दिसणारी अक्षरं मोजते म्हणून ती वापरा. तिथेही एक गाठ आहे, जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचा नियम युनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणारं जागतिक मानक) १५.१ पासून म्हणजे २०२३ ला आला, त्याआधीच्या नियमाने ज्ञा ची दोन होतात आणि ज्ञानेश्वरीची सहा. म्हणजे कुठल्या व्हर्जनची लायब्ररी त्यावर आकडा बदलतो. माझं मत विचाराल तर पत्रिकेत अक्षरं मोजूच नका, टेक्स्टपेंटरने रुंदी मोजा, कारण तुमचा खरा प्रश्न ओळीत मावतं का हा आहे.

आणि ते लपवलेलं फील्ड काढा. पत्रिकेवर त्या जागी खरं टेक्स्टफील्ड ठेवा, डेकोरेशन कोलॅप्स्ड द्या किंवा नलच द्या, ना चौकट ना रेघ ना पॅडिंग. कर्सरचा रंग, जाडी, उंची, गोलाई सगळं बदलता येतं. ओळीतला एखादा शब्द वेगळ्या वळणाचा हवा असेल तर कंट्रोलरचा उपवर्ग करून बिल्डटेक्स्टस्पॅन ओव्हरराइड करा (मजकूर दाखवायची पद्धत तुमची लिहा), फक्त तिथून परत दिलेला मजकूर मूळ मजकुराएवढाच आणि तसाच पाहिजे, एक स्पेससुद्धा जास्त घातलीत तर कर्सर चुकीच्या जागी दिसणार. सिलेक्शनचे हँडल, भिंग, कॉपी-पेस्ट, स्पेसबारवर बोट सरकवून कर्सर हलवणं, हे सगळं मग फुकट मिळतं. ते परत लिहिण्यात आयुष्य घालवू नका.

कल्याण आलं. बाकी रात्री.

शिरोरेषा | मंगळवार, दुपारी १:४०

मी डिझाइनकडची आहे, कोडचं कर्जतवाल्यांनी सांगितलंय ते मला पटतं. वेलांट्या कापल्या जातात त्याबद्दल सांगते कारण हे मी प्रत्येक मराठी ॲपमध्ये बघते आणि दरवेळी वाईट वाटतं.

तुमच्या टेक्स्टस्टाइलमध्ये हाइट (ओळीची उंची) एक किंवा त्याहून कमी आहे का बघा. इंग्रजी डिझाइनमधून आलेली ती सवय असते. इंग्रजी अक्षराला वर फार काही नसतं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, तिच्यावर रफार, त्याला लागून अनुस्वार, एकाच अक्षराला तिन्ही. मूर्तींच्या लिहून बघा. आणि खाली उकार, ऋकार. तुमच्या पत्रिकेची पहिलीच ओळ घ्या, आमचे येथे श्री कृपेकरून, त्यात कृ खाली उतरतो. मजकुरासाठी मी दीडच्या खाली जात नाही, सुलेखनाच्या फॉन्टला त्याहून जास्त लागतं, फॉन्टप्रमाणे बघावं लागतं, एकच आकडा सगळ्यांना लावू नका.

हाइट वाढवूनही कडेचा फराटा कापला जात असेल तर तो फॉन्टच आपल्या चौकटीबाहेर जाणारा आहे. टेक्स्टफील्ड आपल्या कडेने कापतं, त्याचं क्लिपबिहेवियर नन करा, म्हणजे ते कापणार नाही.

लेटरस्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) शून्य ठेवा. पत्रिकेत नावं पसरून लावायचा मोह होतो, इंग्रजीत ते छान दिसतं, मराठीत अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि नाव मोडून पडल्यासारखं दिसतं. लग्नाच्या पत्रिकेत तर नकोच.

अजून एक, श्री चं पहिलं अक्षर मोठं करायचं असं काही करत असाल तर पहिला कोड पॉइंट (युनिकोडचा एक क्रमांक, इथे नुसता श) मोठा करू नका, श वेगळा आणि हलंत-र-वेलांटी वेगळी पडेल आणि श्री बनणारच नाही. साइज किंवा फॉन्ट जिथे बदलतो तिथे जोडाक्षर जुळत नाही, म्हणून तुकडा पाडायचा तर पूर्ण अक्षर संपल्यावर पाडा.

फॉन्ट कुठले वापरताय? मोकळ्या परवान्याचे हवे असतील तर आपल्या मुंबईच्याच एक टाइपचे मुक्त आणि बलू आहेत, लहान आकारात मुक्त फार स्वच्छ वाचता येतो. यात्रा वन तर मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला आहे, हळदीच्या किंवा संगीताच्या निमंत्रणाला मला तो फार आवडतो, मुख्य पत्रिकेला नाही घेणार.

मॅटरवाला_गिरगाव | बुधवार, रात्री १२:१०

दोघांचे मनापासून आभार. काल रात्रीपासून तेच करत बसलो होतो. लपवलेलं फील्ड काढलं, खरं फील्ड पत्रिकेवर ठेवलं, साफसफाई फोकस गेल्यावर. डबल अक्षर गेलं! ज्ञानेश्वरी पन्नास वेळा टाइप करून बघितलं, एकदाही नाही आलं. ताई, हाइट ०.९ होती, मीच ठेवलेली, ओळी जवळ दिसाव्यात म्हणून. आता सुलेखनाच्या फॉन्टला १.८ केलीय आणि क्लिप नन, वेलांटी पूर्ण दिसते.

पण पत्रिकेवर ३०-३५ ओळी आहेत, सगळी फील्डं एकदम ठेवली तर स्क्रोल अडखळतं, म्हणून साधा टेक्स्ट दाखवतो आणि ज्या ओळीवर बोट पडेल तेवढीच फील्ड करतो. त्यात नवीन अडचण अशी की बोट लावलं की ओळ एक-दोन पिक्सेल वरखाली उडी मारते, आणि पत्त्याच्या दोन ओळींच्या फील्डमध्ये तर पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द एकदम खाली जातो. बाहेर आलो की परत वर. रुंदी तीच, फॉन्ट तोच. गिऱ्हाइकाला वाटेल आपल्या हातून काही बिघडलं. आणि वऱ्हाडीचं कोडं अजून तसंच आहे.

कर्जत_लोकल | बुधवार, सकाळी ७:५५

हे मलाही एकदा दोन दिवस सापडत नव्हतं. शब्द खाली का जातो तर फील्ड कर्सरसाठी जागा राखून ठेवतं, कर्सरची जाडी अधिक एक पिक्सेल. तेवढ्याने ओळीची रुंदी कमी होते आणि जो शब्द काठावर मावत होता तो मावत नाही. फील्डला साध्या टेक्स्टपेक्षा तेवढी रुंदी जास्त द्या, कर्सर २ चा असेल तर ३. ओळ मध्यभागी असेल तर एक-दीड पिक्सेलने सरकेल, तेही भरून काढा.

वरखाली उडी स्ट्रटमुळे (ओळीची ठरवून दिलेली किमान उंची) आहे. फील्डला तुम्ही स्ट्रटस्टाइल दिली नाहीत तर ते स्वतःच स्टाइलवरून बनवतं आणि सक्तीने लावतं, साधा टेक्स्ट तसं करत नाही. दोघांना एकच स्ट्रटस्टाइल हाताने द्या. आणि मोबाईलच्या सेटिंगमधला मोठ्या अक्षराचा आकडा दोन्हीकडे सारखा लागतोय का तेही बघा, छपाईच्या मांडणीत तो लागला तर ओळी फुटणार, म्हणून पत्रिकेपुरतं टेक्स्टस्केलर बंद ठेवा. वाचायला मोठं दिसण्याची सोय झूममधून द्या.

टेस्टर_मुलुंड | बुधवार, दुपारी ३:३०

धागा वाचतेय कालपासून. मी टेस्टिंग करते, गेली नऊ वर्षं मोबाईल ॲप. मला इथे एक वेगळं मत मांडायचंय, राग मानू नका.

पत्रिकेवरच टाइप करायचं हे मला मुळातच सगळ्यांसाठी योग्य वाटत नाही. हिशोब करा, ५ बाय ७ इंचाची पत्रिका पावणेतीन इंच रुंद स्क्रीनवर दाखवली तर ९ पॉइंटचं अक्षर ५ पॉइंटाचं दिसणार. पत्रिकेचं मॅटर घरात कोण तपासतं? आजोबा, काकू, मामा. माझे बाबा ६८ चे आहेत, त्यांना मी असंच एक ॲप दिलं होतं, त्यांचं बोट दरवेळी खालच्या ओळीवर पडायचं, चौथ्या वेळी त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले तूच कर. बोटाला निदान ४८ डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) जागा लागते, तुमच्या ओळी त्याच्या निम्म्याही नसतील. खालून वर येणाऱ्या शीटमध्ये मोठं साधं फील्ड, वर लेबल वधूचं नाव, आणि मागे पत्रिका लगेच बदलताना दिसतेय, हे मला जास्त माणसाचं वाटतं.

आणि लेबल नसलेलं फील्ड टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्याला काय सांगणार? एडिट बॉक्स, पण कशाचा ते नाही. पस्तीस वेळा एडिट बॉक्स. दृष्टिहीन माणसाच्या घरातही लग्न असतं आणि त्यालाही आपल्या मुलीचं नाव नीट आहे ना ते स्वतः बघायचं असतं. पत्रिकेवरची फील्डं ठेवलीत तर प्रत्येकाला सिमँटिक्सचं (वाचून दाखवण्यासाठीचं) लेबल द्याच, वराचं नाव, मुहूर्त, कार्यस्थळ. तुमच्या आधीच्या कस्टमपेंटमध्ये तर त्यांना काहीच सापडलं नसतं.

वऱ्हाडीचं कोडं मला वाटतं मी सोडवू शकते. तुम्ही फक्त देवनागरी चालेल असा फिल्टर लावलाय का, युनिकोडमधला ०९०० पासून ०९७एफ पर्यंतचा ब्लॉक, अधिक स्पेस आणि टिंब? तो ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलंत, मग ह. दुसरा, साधा र, हलंत, मग झेडडब्ल्यूजे नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर, मग ह. दिसायला दोन्ही सारखेच. पण ते न दिसणारं कॅरेक्टर देवनागरीच्या ब्लॉकमध्ये नाही, तुमचा फिल्टर त्याला फेकून देतो, मग उरतं र-हलंत-ह आणि त्याचा रफार होणारच. तुमच्या कीबोर्डवर पहिला प्रकार येत असेल, गिऱ्हाइकाच्या कीबोर्डवर दुसरा. कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांच्या लोकांच्या पत्रिका चुकल्या असत्या. फिल्टरमध्ये झेडडब्ल्यूजे आणि त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे दोन्ही घ्या. मी तर म्हणते नावाला फिल्टर कशाला हवा? कुणाचा जावई डॉक्टर असेल आणि त्याला इंग्रजीत एमडी लिहायचं असेल तर लिहू दे की.

असंच ॲडव्होकेटच्या ॲ चं. तो एक अखंड अक्षर म्हणून येतो किंवा अ वर वेगळा चंद्र देऊन. दोन्ही सारखे दिसतात पण युनिकोडचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही, शोधताना सापडणार नाही, साठवताना स्वतःच एक रूप करून ठेवा.

पेस्टपण तपासा. प्रेसमधून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधलं मॅटर कुणी पेस्ट केलं तर फील्डमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसेल, कारण त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. पेस्ट झालेल्यात एकही देवनागरी अक्षर नसेल तर तिथेच विचारा की हे बरोबर आहे का.

कर्जत_लोकल | बुधवार, रात्री ९:१५

मुलुंडताई, अक्षराच्या आकाराचं शंभर टक्के मान्य. पण शीटमध्ये टाइप केलं की माणूस शीटकडे बघतो, पत्रिकेकडे नाही. प्रुफाचा मुद्दाच हा आहे की आजूबाजूच्या ओळींसकट नजर पडली पाहिजे, कां. गायब आहे हे पत्रिकेत दिसतं, चौकटीत नाही दिसत. म्हणून मी म्हणेन की बोट लावलं की ती ओळ झूम होऊन स्क्रीनभर यावी आणि टाइप तिथेच व्हावं. इंटरॅक्टिव्हव्ह्यूअर (फ्लटरचा झूम करायचा भाग) वापरत असाल तर टाइप चालू असेपर्यंत त्याचं पॅन (बोटाने सरकणं) बंद करा, नाहीतर सिलेक्शन ओढायला गेलं की पत्रिका सरकते. आणि कीबोर्ड वर आला की इंटरॅक्टिव्हव्ह्यूअर आपणहून ओळ वर आणत नाही, साध्या स्क्रोलमध्ये येते तशी. व्ह्यूइन्सेटवरून कीबोर्डची उंची घेऊन ट्रान्सफॉर्मेशनकंट्रोलरने तुम्हालाच वर सरकवावी लागेल.

एक राहिलंच. नावांना ऑटोकरेक्ट बंद ठेवा पण एनेबलसजेशन्स (शब्द सुचवणं) फॉल्स, म्हणजे बंद, करू नका. अँड्रॉइडवर तसं केलं की फ्लटर कीबोर्डला ते फील्ड दिसणाऱ्या पासवर्डच्या प्रकारचं म्हणून सांगतं, माझ्या फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणंच त्यामुळे बंद पडलं होतं.

मॅटरवाला_गिरगाव | रविवार, संध्याकाळी ६:४५

चार दिवस गायब होतो, कारण हे सगळं घातलं आणि काल एका खऱ्या गिऱ्हाइकाला दिलं, डोंबिवलीचं कुटुंब आहे, मुलीचं लग्न मार्गशीर्षात.

मुलुंडताई, झेडडब्ल्यूजेच होता. माझा फिल्टर अगदी तुम्ही लिहिलाय तसाच होता, शब्दन् शब्द. नावांवरचा फिल्टर काढूनच टाकला. तुमच्या शब्दांची यादी करून ठेवलीय, वऱ्हाडी, ज्ञानेश्वरी, ॲड., मूर्तींच्या, कृपेकरून, आणि श्री गजानन प्रसन्नच्या दोन्ही बाजूंचे दंड, प्रत्येक बिल्ड (ॲपची नवी आवृत्ती) तीन वेगवेगळ्या कीबोर्डवर या यादीतून काढतो.

पत्रिका की शीट यावर तुम्हा दोघांचंही थोडं थोडं घेतलं. वधू-वर, आईवडील, मुहूर्त, कार्यस्थळ या एकेकट्या ओळी पत्रिकेवरच, बोट लावलं की झूम, प्रत्येकाला लेबल. पण किलबिल आणि निमंत्रकांची यादी शीटमध्ये नेली. तिथे १४-१५ नावं असतात, कुणाचं आधी कुणाचं नंतर यावर घरात चर्चा होते, ओढून क्रम बदलावा लागतो, ते पत्रिकेवर जमलंच नसतं. काल मुलीच्या आजीने स्वतः झूम करून वाचलं आणि स्वतःच कुलस्वामिनीच्या नावातला ऱ्हस्व उकार दीर्घ केला, मी समोर बसलो होतो, काही सांगावं लागलं नाही. दोन प्रुफात पत्रिका फायनल झाली, त्यातलं दुसरं फक्त कार्यस्थळाचा नकाशा बदलायचा म्हणून.

वाचून दाखवणं अजून खऱ्या वापरणाऱ्याकडून तपासायचंय, मी स्वतः डोळे मिटून टॉकबॅकवर केलं पण ते पुरेसं नाही हे कळतं. कुणी मदत करणार असेल तर प्रेसमध्ये या, चर्नी रोडवरून चालत दहा मिनिटं.

शेवटचं एक विचारतो. मुहूर्ताच्या ओळीत सकाळी ११ वाजून ४७ मिनिटांनी असं असतं, त्यातून वेळ काढून कॅलेंडरला आठवण टाकावी असा विचार होता, पण मराठी आकडे आले की इंट पार्स (मजकुराचा आकडा करणं) एरर देतं. तिथे आकड्यांचा कीबोर्ड लावू का?

कर्जत_लोकल | रविवार, रात्री ८:३०

नका लावू. ती ओळ वाक्य आहे, आकडा नाही, आणि आकड्यांच्या कीबोर्डवर बहुतेक फोनमध्ये इंग्रजी आकडेच येतात, मग पत्रिकेत मराठी मजकुरात इंग्रजी ४७ घुसेल. डार्टचं पार्स फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. मराठी शून्याचा कोड ०९६६ आहे आणि पुढचे नऊ ओळीने आहेत, त्यातून वजाबाकी करून बदलता येतं, चार ओळींचं काम. पण मी असतो तर वाक्यातून वेळ काढलीच नसती, कुणी सकाळी ११-४७ लिहितं, कुणी गोरज मुहूर्तावर एवढंच लिहितं. ओळ जशी पंचांगातून आली तशी मजकूर म्हणून ठेवा आणि आठवणीसाठी वेगळा टाइमपिकर (वेळ निवडायची सोय) द्या.

टेस्टर_मुलुंड | रविवार, रात्री ९:०५

गोरज मुहूर्त माझ्या यादीत नव्हता, घालते. टॉकबॅकसाठी माझ्या ओळखीत दोघं जण आहेत, रोज तेच वापरतात. येत्या शनिवारी दुपारी घेऊन येऊ का? पत्रिकेचा नवीन बिल्ड तोपर्यंत टाकून ठेवा, त्यात शीटच्या नावांचा क्रम ओढून बदलायचा आहे ना, तो टॉकबॅकवर ओढायला अवघड जाईल, वर-खाली अशी दोन बटणं असली तर बरं.

मॅटरवाला_गिरगाव | रविवार, रात्री ९:२०

या नक्की. बटणं आज रात्रीच घालतो.